रक्तातला विळा

मुलांनो, गवत कापायचा विळा तुम्ही पाहिलाच असेल. असा विळा माणसाच्या रक्तात असतो, असं कुणी सांगितलं तर? थाप वाटेल ना? पण ‘सिकलसेल’ या आजाराच्या नावाचा अर्थच तो. सिकल म्हणजे विळा आणि सेल म्हणजे पेशी.

हा आजार महाराष्ट्रात गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, नागपूर, नंदुरबार या भागांत जास्त आढळतो. मग पुण्याजवळच्या आमच्या खराडीत त्याची चर्चा कशाला? अहो, खराडी आता पूर्वीचं शेतीचं गाव कुठे राहिलंय! उंच इमारती उभ्या राहिल्या, कामासाठी लांबलांबून कुटुंबं आली. शाळेत एकाच बाकावर विदर्भाचा, खानदेशाचा आणि इथला असे तिघे बसतात.

माझ्या वर्गातल्या एका मुलीला हा आजार असल्याचं कळलं. तिनं मला दोनच प्रश्न विचारले. “बाई, मी बरी होणार नाही का? आणि माझा डबा आता कुणी खाणार नाही का?”

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. डबा खुशाल खा! हा आजार शिवल्यानं, उष्टं खाल्ल्यानं, शेजारी बसल्यानं होत नाही. तो आई आणि वडील या दोघांकडून जन्मतःच येतो. ज्याला एकाकडूनच हा गुण मिळतो तो ‘वाहक’. वाहक एरवी ठणठणीत असतो. उलट गंभीर मलेरियापासून त्याचा थोडा बचावच होतो. म्हणूनच जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता, तिथे हा गुण टिकून राहिला. तेव्हा यात ना कुणाचं पाप, ना कुणाची दृष्ट.

आता रक्तात होतं काय, ते पाहू. तांबड्या पेशीत हिमोग्लोबिन असतं. त्यातली एक साखळी १४६ कड्यांची. या आजारात फक्त सहावी कडी बदललेली असते. १९५६ मध्ये व्हर्नन इनग्राम यांनी हा बदल शोधला. एवढ्याशा फरकानं मऊ, गोल पेशी कडक होऊन विळ्यासारखी वाकते आणि बारीक रक्तवाहिनीत अडकते. रक्त पुढे जाईना, की हाडं, सांधे, पोट भयंकर दुखतं. साधी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही मात्र दहा-वीस दिवसांतच फुटते. म्हणून थकवा येतो, डोळे पिवळे दिसतात. अशा मुलाला ‘आळशी’ किंवा ‘पिवळ्या’ म्हणणं किती चुकीचं, सांगा बरं!

आता पहिला प्रश्न. खरं सांगायचं, तर बहुतेकांना हा आजार जन्मभर सांभाळावा लागतो. अस्थिमज्जेच्या रोपणानं काही जण पूर्ण बरे होतात, पण जुळणारा दाता मिळावा लागतो. मात्र सांभाळणं आपल्या हाती आहे. तुम्हाला नुकतंच हे निदान झालं असेल, तर एवढं पाळा :

• दिवसभर थोडं थोडं पाणी प्या. लघवीला जास्त वेळा जावं लागेल, तेव्हा बाईंना किंवा सरांना आधीच सांगून ठेवा.

• थंडीत स्वेटर, कानटोपी घाला. गार पाण्यात डुंबू नका.

• खेळा, पण दमलात की थांबा.

• फॉलिक ॲसिडची गोळी, आणि डॉक्टरांनी दिलं असेल तर हायड्रॉक्सियुरिया, न चुकता घ्या. मनानं बंद करू नका.

• ताप, छातीत दुखणं, धाप, पोटाच्या डाव्या बाजूला सूज, किंवा एकाएकी हातपाय लुळा पडणं, यांतलं काहीही झालं तर लगेच दवाखाना गाठा.

ताप अंगावर का काढायचा नाही, ते ऐका. वैद्यकीय इतिहासात या आजाराचं पहिलं सविस्तर वर्णन १९१० मध्ये अमेरिकेतल्या शिकागोत डॉ. हेरिक यांनी केलं. त्यांचा रुग्ण होता ग्रेनाडा बेटावरून शिकायला आलेला वॉल्टर क्लेमेंट नोएल. दुखणं सोसत तो शिकला, दंतवैद्य झाला, आपल्या बेटावर परतून त्यानं दवाखाना थाटला. १९१६ मध्ये न्यूमोनियानं तो गेला, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी. तेव्हा पेनिसिलिन नव्हतं, न्यूमोनियाची लसही नव्हती. आज दोन्ही आहेत. आपल्या देशात तर १ जुलै २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीमच सुरू झाली. त्यात चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची रक्ततपासणी करायचं ठरलं.

आणि ज्यांना हा आजार नाही, त्यांनाही काम आहे बरं का! वर्गमित्र दुखण्यामुळे घरी राहिला, तर त्या दिवसाचा अभ्यास त्याच्या वहीत उतरवून द्या. पाण्याची बाटली रिकामी दिसली, तर भरून आणा. आणि मधल्या सुट्टीत त्याच्या डब्यातला एक घास हक्कानं मागा.