आमवाताच्या निदानातील रक्तचाचण्या

आमवात म्हणजेच ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस हा रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर हल्ला करू लागल्याने होणारा दीर्घकालीन आजार आहे. त्याच्या निदानात रक्तचाचण्यांची मदत होते; मात्र कोणतीही एक चाचणी निदान निश्चित करीत नाही. उपचारास विलंब झाल्यास सांध्यांना कायमचे व्यंग येऊ शकते.

प्रमुख चाचण्या

आरए फॅक्टर : शरीरातील प्रतिपिंडांविरुद्धच तयार झालेली प्रतिपिंडे या चाचणीत शोधतात. नॉर्वेचे एरिक वालर (१९४०) व अमेरिकेचे हॅरी रोझ (१९४८) यांच्या संशोधनातून ती विकसित झाली. आमवाताच्या सुमारे ७० ते ८० टक्के रुग्णांत ती पॉझिटिव्ह येते. क्षयरोग, कुष्ठरोग, हिपॅटायटिस सी यांत आणि काही निरोगी, विशेषतः वयस्क व्यक्तींतही ती पॉझिटिव्ह आढळते.

अँटी-सीसीपी : ही चाचणी आमवाताबाबत अधिक नेमकी आहे. लक्षणे दिसण्यापूर्वी काही वर्षेही ती पॉझिटिव्ह असू शकते.

ईएसआर व सीआरपी : या चाचण्या शरीरातील दाहाची तीव्रता दाखवतात, दाहाचे कारण नव्हे.

अहवालाचा अर्थ

पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या ‘कॉपकॉर्ड’ सर्वेक्षणात आमवाताचे प्रमाण सुमारे ०.५ टक्के आढळले. हे प्रमाण धरल्यास १,००० व्यक्तींत आमवाताचे रुग्ण सुमारे ५ असतील व त्यांपैकी ४ जणांचा आरए फॅक्टर पॉझिटिव्ह येईल. निरोगी व्यक्तींपैकी ५ टक्क्यांत तो पॉझिटिव्ह येतो असे मानल्यास, आमवात नसलेल्या सुमारे ५० जणांचा अहवालही तसाच येईल. त्यामुळे लक्षणांवाचून केलेली चाचणी दिशाभूल करू शकते.

कर्जत-खालापूरसारख्या भातशेतीच्या भागात लावणीच्या श्रमांनी कंबर-गुडघे दुखतात. चिकुनगुन्यानंतरही सांधेदुखी रेंगाळते. आमवातात मात्र प्रामुख्याने हातापायांचे लहान सांधे सुजतात आणि सकाळचा ताठरपणा बराच वेळ टिकतो. अशी लक्षणे असल्यास आरए फॅक्टर निगेटिव्ह असूनही आजार असू शकतो.

वर्गीकरणाचे निकष

अमेरिकी व युरोपीय संधिवाततज्ज्ञांच्या संघटनांनी २०१० साली ठरवलेल्या निकषांत १० पैकी किमान ६ गुण आवश्यक असतात. प्रतिपिंडांना कमाल ३ व दाहदर्शक चाचण्यांना १ गुण मिळतो. उरलेले ६ गुण बाधित सांधे (५) व लक्षणांचा कालावधी (१) यांसाठी आहेत. म्हणजेच केवळ रक्तचाचण्यांवरून हे निकष पूर्ण होऊ शकत नाहीत.