खिडकीबाहेरचा विद्यार्थी

1914 च्या सुमाराची गोष्ट. दासगावचा रामचंद्र बाबाजी मोरे स्कॉलरशिपची परीक्षा पास झाला आणि महाडच्या इंग्रजी शाळेत नाव घालायला गेला. मुलगा अस्पृश्य मानलेल्या जातीतला, म्हणून नकार मिळाला. पोराने वर्तमानपत्राला पत्र धाडले, तेव्हा कुठे नाव दाखल झाले. बसायचे मात्र वर्गाबाहेर, खिडकीशी.

हेच आर. बी. मोरे पुढे मार्च 1927 च्या महाड परिषदेचे एक प्रमुख संघटक झाले. 20 मार्चला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथल्या, अस्पृश्यांना मज्जाव असलेल्या चवदार तळ्याचे पाणी प्यायले.

शिक्षणाचे दार कोणासाठी उघडते, हा प्रश्न आजही संपलेला नाही. हल्ली बारावीचा निकाल लागला की ‘लिबरल आर्ट्स’च्या जाहिराती सुरू होतात. अर्थ साधा आहे. एकाच विषयाच्या घाण्याला न जुंपता इतिहास, अर्थशास्त्र, तत्त्वज्ञान, विज्ञान सोबत शिकायचे आणि स्वतःच्या डोक्याने विचार करायला लागायचे. फी लाखांत असल्याने हे श्रीमंतांचे खूळ वाटते. पण 1913 ते 1916 या काळात बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकले ते याच रीतीने. अर्थशास्त्राचे 29 अभ्यासक्रम, इतिहासाचे 11, समाजशास्त्राचे 6, तत्त्वज्ञानाचे 5, मानववंशशास्त्राचे 4. शिवाय थोडे फ्रेंच आणि जर्मन.

ही शिदोरी त्यांनी स्वतःपुरती ठेवली नाही. 1945 मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली. 1946 मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले. नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून तिथले वर्ग सकाळी भरत. विद्यार्थ्यांची स्वतःची संसदही होती. 1950 मध्ये औरंगाबादला मिलिंद कॉलेज उघडले. बाबासाहेबांच्या निधनानंतर, 1961 मध्ये, याच संस्थेने महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाविद्यालय काढले. कला, विज्ञान आणि वाणिज्य, तिन्ही शाखांचे.

तालुक्याच्या गावात कॉलेज निघण्याचे मोल कोकणी माणसाला सांगायला नको. मुलाला मुंबईला ठेवायचे म्हणजे खोली, खाणावळ आणि नातलगांची मनधरणी. मुलीच्या बाबतीत तर विषयच मिटायचा. कॉलेज एसटीच्या टप्प्यात आले की घरातल्या चर्चेचा सूरच बदलतो.

कॉलेज असे दारात आणणे ही बांधिलकीच. आता ‘सामाजिक बांधिलकी’ अभ्यासक्रमातही आली आहे. राष्ट्रीय सेवा योजना 1969 पासून आहेच. वर्षाला 120 तास काम आणि खेड्यात सात दिवसांचे शिबिर. नव्या शैक्षणिक धोरणात समाजकार्याच्या प्रकल्पालाही श्रेयांक मिळतात. हे चांगलेच आहे. पण बांधिलकी तासांत मोजता येते, हे काही पटत नाही. कॉलेजची बांधिलकी आधी प्रवेशाच्या यादीत दिसते आणि मग शिबिरात. बाकांवर कोण बसले आहे आणि कोणाला तिथवर पोचताच आले नाही, हे ज्या कॉलेजला ठाऊक असते, त्याला समाज शोधायला सात दिवस बाहेर जावे लागत नाही.

तेव्हा पालकांनो, यंदा कॉलेज निवडताना इमारत आणि प्लेसमेंटचे आकडे जरूर पाहा. सोबत एवढेही विचारा : इथे सगळ्या थरांतली मुले एका बाकावर बसतात का? आणि फी न परवडणाऱ्या मुलासाठी काय सोय आहे? उत्तर द्यायला कॉलेज अडखळले, तर माहितीपुस्तिका कितीही गुळगुळीत असो, तिथे कोणीतरी अजून खिडकीबाहेरच आहे असे समजा.