घोरणे म्हणजे गाढ झोप नव्हे

‘दिवसभर राबतो, म्हणून घोरतो,’ असे म्हणून घरोघरी घोरण्याकडे दुर्लक्ष होते. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, श्वासाची वाट अरुंद होते आणि आतला मऊ भाग थरथरून आवाज येतो. प्रत्येक घोरणे आजार नसतो. परंतु घोरता घोरता श्वास १० सेकंद किंवा अधिक थांबत असेल व माणूस गुदमरून दचकत असेल, तर तो ‘स्लीप ॲप्निया’ असू शकतो. तासाला ३० वेळा असे घडल्यास आजार तीव्र समजतात. रक्तातील प्राणवायू घटतो. रक्तदाब, हृदयविकार व पक्षाघाताचा धोका वाढतो. दिवसा डुलक्या येतात. वाहन किंवा यंत्र चालविणाऱ्याच्या ती डुलकी जिवावर बेतते.

वजन घटविणे, कुशीवर झोपणे, दारू सोडणे याने फरक पडतो. स्वतःच्या मनाने झोपेच्या गोळ्या घेऊ नयेत. आजार जास्त असेल तर डॉक्टर ‘सीपॅप’ यंत्र सुचवितात. ते हवेच्या दाबाने श्वासाची वाट उघडी ठेवते.

झोपणाऱ्याला आपला श्वास थांबल्याचे कळत नाही. ते शेजारी झोपणाऱ्याला कळते. म्हणून माता-भगिनींनो, संकोच न करता डॉक्टरकडे सोबत जा आणि रात्री जे पाहिले ते सांगा.