परदेशी व्यापार आणि खारेपाटांतील शेतकरी

परदेशाशीं चालणारा व्यापार आपणांस हितकर कीं अहितकर, हा प्रश्न गांवच्या पारावर आतां नवा राहिलेला नाहीं. ज्याचा मुलगा न्हावा-शेवा येथील गोदामांत कामास लागला तो एक सांगतो. ज्याचें शेत त्याच बंदराच्या रस्त्याखालीं गेलें तो दुसरें सांगतो. आणि दोघांचेंही म्हणणें आपापल्या जागीं खरें असतें. म्हणून नुसतें ‘हितकर कीं अहितकर’ असें न विचारतां ‘लाभ कोणास किती, आणि तो कोणाच्या पदरचा’ असें विचारावें, हें आम्हांस अधिक योग्य वाटतें. प्रस्तुत लेखांत हा हिशेब शक्यतों आपल्या किनाऱ्यावरील उदाहरणांनींच मांडावयाचा आहे.

दूरदेशचा माल आपल्या चुलीपर्यंत येणें ही गोष्ट आजची नव्हे. ब्रह्मदेशचा तांदूळ, ज्यास लोक रंगूनी तांदूळ म्हणत, आगबोटींनीं मुंबईस उतरे व तेथून कोंकणांतही येई. तो स्वस्त असल्यामुळें विकत घेऊन खाणाऱ्याचें पोट भरे. आणि त्याच कारणानें येथील भात पिकविणाऱ्यास आपला भाव त्याच्याशीं जुळवून घ्यावा लागे. १९४२ सालीं जपाननें ब्रह्मदेश घेतला आणि हा तांदूळ येईनासा झाला. पुढच्याच वर्षीं मुंबईंत रेशनिंग आलें. स्वस्त धान्य देणारा समुद्र बंद झाला कीं काय होतें, हें त्या पिढीनें अनुभवानें जाणलें.

आज तीच कथा खाद्यतेलाची आहे. देशास लागणाऱ्या खाद्यतेलापैकीं निम्म्याहून अधिक तेल बाहेरून येतें. पामतेल मुख्यतः इंडोनेशिया व मलेशिया येथून, तर सूर्यफुलाचें तेल युक्रेन, रशिया इत्यादि देशांतून येतें. यामुळें मजुराच्या घरींही तळण होऊं लागलें, हा लाभ लहान म्हणतां येणार नाहीं. परंतु २०२२ च्या फेब्रुवारींत युक्रेनमध्यें युद्ध पेटलें आणि त्याच वर्षीं २८ एप्रिल रोजीं इंडोनेशियानें पामतेलाची निर्यात थांबविली. ती बंदी महिन्याच्या आंतच उठली. तरी तेवढ्या अवधींत आपल्या दुकानांतील डबा किती चढला, हें घरच्या गृहिणीस विचारावें.

आतां या व्यापाराच्या मोठ्या दाराकडे वळूं. न्हावा-शेवाचें बंदर २६ मे १९८९ रोजीं सुरू झालें. देशांतील प्रमुख बंदरांतून कंटेनरांचा जेवढा माल ये-जा करतो, त्याचा सुमारें अर्धा भाग या एका बंदरांतून जातो. २०२४-२५ या वर्षांत वीस फुटी कंटेनराच्या मापानें हा आंकडा ७० लाखांच्या वर गेला. नाशिकचीं द्राक्षें येथूनच युरोपास जातात. बंदराभोंवतीं गोदामें, मालमोटारी, दुरुस्तीचीं दुकानें आणि खानावळी उभ्या राहिल्या, आणि त्यांत आपल्या तरुणांस काम मिळालें. मात्र त्या कामाची जात पाहिली पाहिजे. माल यारींनीं उचलला जातो. १९९९ पासून बंदरांतील धक्के क्रमाक्रमानें खाजगी चालकांकडे गेले व २०२२ सालीं बंदराचा स्वतःचा कंटेनर धक्काही त्याच वाटेनें गेला. तेव्हां कायम नोकरीच्या जागा थोड्या आणि कंत्राटी कामें फार, अशी स्थिति आहे. जगांतील व्यापार मंदावला कीं प्रथम कंत्राटी मजुराचाच खाडा मांडला जातो.

हें दार ज्या भूमीवर उभें राहिलें ती ओसाड नव्हती. तेथें भातशेतें होतीं, मिठागरें होतीं, आणि खाडींत मासेमारी चाले. १९७० पासून नव्या मुंबईसाठीं ठाणें, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गांवांच्या जमिनी नेमण्यांत आल्या. योग्य मोबदल्यासाठीं श्री. दि. बा. पाटील यांच्या पुढारीपणाखालीं शेतकरी उठले, आणि १६ व १७ जानेवारी १९८४ या दोन दिवसांत उरण तालुक्यांत झालेल्या गोळीबारांत पांच जणांनीं प्राण दिले. विकसित केलेल्या जमिनीपैकीं साडेबारा टक्के भाग मूळ मालकास परत देण्याचें तत्त्व त्या लढ्यांतून पुढें मान्य झालें. तरी प्रत्यक्ष बंदरासाठीं ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांना या साडेबारा टक्क्यांचीं हेतुपत्रें वांटण्याचा समारंभ १६ ऑगस्ट २०१४ रोजीं झाला. म्हणजे बंदर सुरू होऊन पंचवीस वर्षें लोटल्यावर! बंदराचा लाभ देशास पहिल्या दिवसापासून मिळूं लागला. जमीन देणाऱ्यानें मात्र एक पिढी वाट पाहिली.

यांतही एक सूक्ष्म गोष्ट आहे. महसुली दप्तरांत आमचीं बहुतेक वर्षें गेलीं, म्हणून ती सांगणें आम्हांस प्राप्त आहे. मोबदला नांवामागें जातो. सातबाऱ्यावर ज्याचें नांव, त्यास रक्कम. परंतु मिठागरांतील मजूर, दुसऱ्याच्या शेतावर आवणी-कापणी करणारी बाई, खाडींत जाळें टाकणारा कोळी, यांचें नांव कोणत्या उताऱ्यावर असावयाचें? रोजगार त्यांचाही जातो. पण दप्तरांत त्यांची नोंद नसल्यामुळें हिशेबांत त्यांचें नुकसान शून्य धरलें जातें.

लाभ व हानि यांचा आकार कसा असतो, हें एका ढोबळ गणितानें पाहूं. समजा, एका कुटुंबास महिन्यास पांच किलो तेल लागतें आणि परदेशी मालामुळें किलोमागें वीस रुपये वांचतात. म्हणजे वर्षास बचत १,२०० रुपये झाली. दुसरीकडे, समजा एकराचें एक भातशेत गेलें, ज्यांत दहा क्विंटल भात होत असे. २०२५-२६ सालच्या २,३६९ रुपये या हमीभावानें त्याचें उत्पन्न २३,६९० रुपये झालें. खर्च वजा न करतां ही रक्कम वीस कुटुंबांच्या वर्षाच्या बचतीएवढी भरते. वीस घरांस आपले हजार-बाराशे वांचल्याचें ध्यानींही येत नाहीं. एका घराची मात्र चूल विझते. परदेशी व्यापाराचा लाभ पावसाच्या शिंतोड्यांप्रमाणें सर्वांवर थोडा थोडा पडतो, आणि हानि उधाणाप्रमाणें एकाच उघाडींतून आंत शिरते. एकूण बेरीज नफ्याची असली तरी ज्याचा बांध फुटला, त्यास त्या बेरजेचें समाधान काय?

शेतकरी हा जसा घेणारा तसा विकणाराही आहे, हें विसरूं नये. विकणाऱ्यास दूरची बाजारपेठ भाव देते, पण ती त्याच्या ताब्यांत नसते. १ मे २०१४ पासून युरोपीय संघानें आपल्या हापूससकट सर्व आंब्यांवर बंदी घातली. कारण एवढेंच कीं, कांहीं मालांत फळमाशी सांपडली. ती बंदी २०१५ सालीं उठली, पण एक हंगाम गेला. कधीं आपलेंच सरकार दार लावतें. २० जुलै २०२३ रोजीं बासमतीखेरीज पांढऱ्या तांदळाची आणि त्याच वर्षीं ८ डिसेंबर रोजीं कांद्याची निर्यात बंद झाली. कांद्याची बंदी मे २०२४ मध्यें आणि तांदळाची सप्टेंबर २०२४ मध्यें उठली. शहरांतील ग्राहकास भाव आटोक्यांत हवे होते, आणि ते आटोक्यांत ठेवण्याचा भार पिकविणाऱ्यानें उचलला. शहरांतील मजुरास स्वस्त कांदा मिळूं नये असें आमचें म्हणणें नाहीं. त्या स्वस्ताईची किंमत एकट्या शेतकऱ्यानें कां द्यावी, एवढाच प्रश्न आहे.

मग आपण काय करावें? व्यापार बंद करा, असें म्हणणें व्यर्थ आहे. समुद्रास बांध घालतां येतो, तो आटवितां येत नाहीं. परंतु कांहीं गोष्टी आपल्या हातच्या आहेत. पहिली, घरच्या वर्षाच्या तांदळापुरतें भातशेत राखावें. बाजार फिरला तरी पेजेस उणें पडणार नाहीं. दुसरी, दूरच्या बाजारास माल पाठवावयाचा तर तो एकेकट्यानें न पाठवितां संस्थेमार्फत निवडून, प्रतवारी करून व कीड तपासून पाठवावा. आपल्या अलिबागच्या पांढऱ्या कांद्यास २०२२ सालीं आणि हापूसला २०१८ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. पण अधिकृत उत्पादक म्हणून ज्यांनीं स्वतःची नोंद केली, त्यांनाच त्या नांवाचा पुरा उपयोग होतो. तिसरी, सातबारा, वारस-फेरफार व मोजणी आजच नीट करून घ्यावी. अधिसूचना निघाल्यावर तलाठ्याकडे धांवणें म्हणजे आग लागल्यावर विहीर खणणें होय.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. शिवडीहून उरणकडे येणारा सागरी सेतू १२ जानेवारी २०२४ रोजीं खुला झाला, आणि त्याच वर्षीं उरण, पनवेल व पेण तालुक्यांतील १२४ गांवें नव्या शहरासाठीं नेमलीं गेलीं. दलाल दारीं येऊं लागले आहेत. अशा वेळीं पेण तालुक्याचें उदाहरण स्मरावें. महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्राच्या वेळीं हेटवणें धरणाच्या लाभक्षेत्रांतील २२ गांवांच्या खातेदारांचें मत शासनास २१ सप्टेंबर २००८ रोजीं घ्यावें लागलें. तो प्रकल्प पुढें सिद्धीस गेला नाहीं. गांव एकत्र बसून बोलतें तेव्हां तें ऐकावें लागतें. एकेक खातेदार अंगठा देत सुटला तर ऐकावयास कोणी उरत नाहीं.

जमीन द्यावी कीं न द्यावी, हें ज्यानें त्यानें आपल्या गरजेप्रमाणें ठरवावें. द्यावयाचीच झाल्यास रोख रकमेबरोबर विकसित जमिनीचा वांटा आणि घरांतील मुलास कायम काम, हें सर्व लेखी व मुदतीसह मागून घ्यावें. आणि गांवच्या मजूर व कोळी बांधवांचीं नांवेंही त्याच कागदांत घालावीं. ज्यांच्या जमिनीवरून जगाचा माल ये-जा करणार, त्यांनीं त्या व्यापारांत भागीदार म्हणून बसावें. नुसतें मोबदल्याचे धनी होऊन उठूं नये.