सहा नंबरचा दरवाजा

या पोरांनो, जवळ बसा. बाहेर पाऊस धो धो कोसळतोय आणि आत्ताच बातमी आली: राधानगरीचा ६ नंबरचा दरवाजा उघडला. कुणी उघडला असेल? कुणीच नाही! शाहू महाराजांनी भोगावती नदीवर ज्या धरणाचं काम सुरू केलं, त्याला असे ७ स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ३४७.५ फुटांवर पोचलं की त्याच्याच दाबानं दरवाजा उघडतो, सेकंदाला १,४२८ घनफूट पाणी सोडतो आणि पातळी उतरली की आपला आपण मिटतो.

थोरल्या, तू कालपासून सी प्लस प्लसचं पुस्तक घेऊन ‘मेंबर फंक्शन’पाशी अडलायस ना? हेच ते! दरवाजाचा आराखडा एकच, तो क्लास. त्यावरून घडलेले सात दरवाजे, ती ऑब्जेक्ट्स. प्रत्येकाजवळ स्वतःची माहिती: माझा नंबर किती, मी उघडा की बंद. आणि ‘पाणी चढलं तर काय करायचं’ ही रीत आराखड्यातच एकदा लिहिलेली, ते मेंबर फंक्शन. सात वेळा लिहायला नको.

दरवाजा६.पाणीतपास(३४७.६);

टिंबाच्या आधी ज्याचं नाव, हाक त्याला. मग फंक्शनच्या आत ‘मी’ म्हणजे ६ नंबर. ३ नंबरला हाक मारली तर ‘मी’ म्हणजे ३ नंबर. या ‘मी’ला सी प्लस प्लसमध्ये ‘धिस’ म्हणतात.

आता समज, बाहेरून कुणी ६ नंबरच्या नोंदीत नुसतं ‘उघडा’ असं लिहून टाकलं. नोंद उघडी, दरवाजा बंद! इकडं राजाराम बंधाऱ्यावर पाण्याची ३९ फुटांची इशारा पातळी आणि ४३ फुटांची धोका पातळी बघत अख्खं कोल्हापूर बसलेलं. त्यांनी कशावर विश्वास ठेवायचा? म्हणून ती माहिती ‘प्रायव्हेट’ करून कुलपात ठेवायची. तिला हात लावायचा तो त्याच क्लासच्या फंक्शननं.

निसर्गाची रीत हीच. आपण जेवलो की इन्शुलिन स्नायूच्या पेशीपाशी येतं आणि बाहेरूनच निरोप देतं. साखरेची दारं पेशी स्वतः उघडते. संगणकाच्या जगात क्लास आणि ऑब्जेक्ट आणले नॉर्वेच्या डाल आणि नीगार्ड यांनी, १९६७च्या सिम्युला भाषेत. पुढं जीवशास्त्र शिकलेल्या ॲलन के यांनी, ऑब्जेक्ट म्हणजे एकमेकींना निरोप धाडणाऱ्या पेशीच, असं मनात धरून स्मॉलटॉक भाषा घडवली.

जा, तुझा प्रोग्रॅम उघड. जिथं जिथं बाहेरून माहितीत हात घातलायस, तिथून हात काढ आणि हाक मार.