मोटरहोमचं टॉयलेट गळतं तेव्हा

बंगळूरहून ओल्ड मद्रास रोडने पूर्वेकडे निघालं की शहराची गर्दी मागे पडता पडता होसकोटे लागतं. रविवारी भल्या पहाटे इथे दम बिर्याणीसाठी गाड्यांच्या रांगा लागतात. व्होल्वोचा ट्रक कारखाना १९९८पासून याच तालुक्यात आहे आणि चेन्नईकडे जाणाऱ्या नव्या द्रुतगती मार्गाची सुरुवातही इथूनच होते. मुक्कामाची जागा म्हणून गावाचा इतिहास जुना आहे. ऑगस्ट १७६८मध्ये मराठा सरदार मुरारराव घोरपड्यांची छावणी इथे पडली होती आणि हैदर अलीने तिच्यावर रात्री छापा घातला होता. आता कोलार किंवा चेन्नईच्या वाटेवरची मोटरहोम इथे पहिल्या चहासाठी थांबते. शहरातले गतिरोधक आणि खड्डे सोसून झालेले असतात, आणि टॉयलेटपाशी जमीन ओली दिसते ती नेमकी अशा वेळी.

पाणी दिसलं की पहिला हात सिलिकॉनच्या ट्यूबकडे जातो. तो आवरायला हवा. बाहेरून थापलेल्या सिलिकॉनने गळती क्वचितच थांबते, पण तिचा माग मात्र पुसला जातो. आधी शोधायचं ते इतकंच, की गळतंय ते पाणी स्वच्छ आहे की घाण.

मोटरहोममध्ये बहुधा कॅसेट टॉयलेट असतं. भांड्याखाली सरकणारं एक पातं, त्याखाली १७ ते २० लिटरची टाकी म्हणजे कॅसेट, आणि ती बाहेर ओढून काढायला गाडीच्या बाजूला छोटं दार. पाण्याच्या टाकीतून १२ व्होल्टचा पंप फ्लशला पाणी पुरवतो. अमेरिकेतल्या मिशिगनमधली थेटफर्ड ही कंपनी या धंद्यातलं जुनं नाव. भारतातल्या बऱ्याच कॅम्परव्हॅन पुण्याच्या फोर्स मोटर्सच्या ट्रॅव्हलरवर बांधल्या जातात, पण आतलं टॉयलेट पुष्कळदा परदेशी बनावटीचं असतं. त्यामुळे साध्या रबरी सीलसाठीही थांबावं लागतं. लांबच्या प्रवासाला निघताना एक जादा सील गाडीत असणं फार मोलाचं.

आता तपास. टॉयलेटच्या भोवतालची जागा फडक्याने कोरडी करायची, सांध्यांखाली कोरडे टिश्यू पेपर ठेवायचे आणि पंप सुरू करायचा. फ्लश न करताच कागद भिजला, तर दोष पाण्याच्या वाटेत आहे: पाइपचा जॉइंट ढिला झालाय किंवा पाण्याची झडप चिरलीय. कुणी नळ सोडलेला नसताना पंप मधूनच घरघरतो, तीही याचीच खूण. फ्लश करतानाच भिजत असेल, तर भांड्याच्या कडेला पाणी नेणारी नळी बघावी. दोन्ही वेळा कागद कोरडाच राहिला, तर भांड्यात थोडं पाणी घेऊन त्यात खायचा रंग मिसळावा आणि तासभर वाट पाहावी. पातळी उतरली आणि रंगीत थेंब कॅसेटच्या कप्प्यात दिसले, तर गुन्हेगार सापडला. पात्याला घट्ट बसणारं रबरी सील गेलेलं असतं.

हे सील म्हणजे प्रेशर कुकरची रिंगच. कोरडं पडलं की कडक होतं, कडक झालं की वाफ, वास, पाणी काहीच अडत नाही. होसकोट्याच्या परिसरात बोअरवेलचं जड पाणी भरलं जातं. त्यातला क्षार पात्यावर पांढरा थर धरतो आणि पातं सरकताना तोच थर रबराला ओरखडे पाडतो. म्हणून नवं सील घालण्याआधी पातं सायट्रिक अॅसिडच्या सौम्य पाण्याने पुसून गुळगुळीत करावं, नाहीतर नवं सीलही फार टिकणार नाही. घरातला जहाल टॉयलेट क्लीनर इथे नको, तो रबर खातो. पेट्रोलियम जेलीही नको, तिने रबर फुगतं. सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात पुरतो.

बदलण्याचं काम अवघड नाही. हातमोजे घालून कॅसेट रिकामी करून धुवायची, पातं पूर्ण उघडायचं आणि जुनं सील बोटांनी खेचून काढायचं. काही मॉडेलमध्ये वरच्या पट्टीचे स्क्रू आधी काढावे लागतात. खाच कोरडी करून नवं सील जुन्यासारखंच बसवायचं, ग्रीस लावायचं, पातं पाच-सहा वेळा पुढेमागे करायचं. गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल, तर पातं उघडंच ठेवावं. दाबलेलं रबर पुन्हा फुलत नाही.

घाटाची गोष्ट वेगळी, आणि ती फार कमी लोकांना ठाऊक असते. मंगळूरच्या किनाऱ्यावर कॅसेट बंद केली आणि गाडी बंगळूरला, म्हणजे सुमारे ९०० मीटर उंचीवर चढली, तर बाहेरच्या हवेचा दाब जवळजवळ दहा टक्क्यांनी उतरतो. आत मात्र किनाऱ्यावरचीच हवा कोंडलेली असते. हा फरक साधारण एक मीटर उंचीच्या पाण्याच्या दाबाइतका असतो. दाब मोकळा करणारी झडप अडकलेली असेल, तर पातं उघडताच आतला द्रव उसळतो, किंवा वाटेतच सीलच्या कडेने पाझरतो. लोक सील बदलत राहतात, खरा दोष त्या लहानशा झडपेत असतो. तिची साफसफाई दर मोठ्या घाटाआधी व्हायलाच हवी, आणि कॅसेट काठोकाठ भरू देता कामा नये.

दाबाइतकाच हादऱ्यांचाही विचार करावा लागतो. पुण्यात २०१६मध्ये राजीव खेर आणि उल्का सादलकर यांच्या पुढाकाराने जुन्या बसचं स्त्रियांसाठीच्या ‘ती’ स्वच्छतागृहात रूपांतर झालं. फिरायला बनवलेल्या गाडीत शौचालय नीट चालवता येतं, याचा तो चांगला दाखला आहे. पण ती बस एका जागी उभी असायची. चालत्या गाडीत प्रत्येक सांधा हादरे खातो. म्हणून पंप बंद करून, भांडं कोरडं करूनच गाडी हलवावी.

दुरुस्ती झाल्यावरचा प्रश्न कॅसेट कुठे रिकामी करायची, हा. महाराष्ट्राने २०२१मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, केरळनेही त्याच वर्षी आपली योजना जाहीर केली. तरी महामार्गावर कॅसेट ओतायची ठरावीक सोय सापडणं कठीणच आहे. पेट्रोल पंप किंवा ढाब्याच्या मालकाला विचारून त्याच्या संडासात, भरपूर पाण्यासोबत हळूहळू ओतावी. फॉर्मलडिहाइड असलेला द्रव कॅसेटमध्ये वापरला असेल, तर तो सेप्टिक टँकमधले उपयोगी जिवाणू मारतो, तेव्हा विघटनशील द्रवच घ्यावा. उघड्या गटारात किंवा तलावाकाठी ओतणं हा अपराध आहे. आणि कॅसेट उपसायला कुणा मजुराला वीस-पन्नास रुपये देऊन बोलावू नये. माणसाकडून हाताने मैला साफ करून घेण्यावर २०१३च्या कायद्याने बंदी आहे. ज्याची कॅसेट त्यानेच ती रिकामी करावी, आणि ते काम हातमोजे, एक बादली पाणी आणि दहा मिनिटांत उरकतं.