उसाची ट्रॉली अंधारात दिसली पाहिजे



गळीत हंगाम सुरू झाला की कुंडल, पलूस, किर्लोस्करवाडी भागातले रस्ते रात्रभर जागे असतात. कुंडलच्या क्रांती कारखान्याकडे, वांगीच्या सोनहिराकडे, रेठऱ्याच्या कृष्णाकडे ट्रॅक्टरच्या जोड-ट्रॉल्या आणि बैलगाड्यांची रीघ लागते. तोडलेला ऊस वेळेत गव्हाणीत पडावा म्हणून आपण जिवाचं रान करतो. पण तो रस्त्यानं कसा जातो, याकडे तेवढं लक्ष देत नाही.

गेल्या हंगामातली माझीच गोष्ट सांगतो. शिवारफेरी आटोपून रात्री मोटारसायकलवरून परत येत होतो. समोरच्या गाडीच्या झोतानं डोळे दिपले. ती गाडी पुढं गेली आणि बघतो तर दहा-बारा पावलांवर उसाची भिंत उभी! टायर फुटलेली ट्रॉली होती. गाडी सावकाश होती म्हणून बाजूच्या चरीत घालता आली, गुडघा फुटण्यावर भागलं. ट्रॉलीवाला धावत आला आणि म्हणाला, "साहेब, मागं रिफ्लेक्टर आहे की!" होता खरा, पण बाहेर लोंबणाऱ्या उसाआड पार झाकून गेला होता.

अंधारातला हिशेब

ताशी ६० किलोमीटर वेगाची मोटारसायकल एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढं जाते. अडथळा दिसून ब्रेकवर पाय पडेपर्यंत दीड सेकंद धरला तर २५ मीटर गेले. ब्रेक लागून गाडी थांबायला आणखी २५ मीटर. म्हणजे एकूण ५० मीटर. खाली पाडलेल्या दिव्यात धुळीच्या रंगाचा ऊस दिसतो तो ३०-४० मीटरवर. मग चालवणारा कितीही हुशार असो, तो थांबणार कसा? स्वच्छ रिफ्लेक्टर मात्र याच उजेडात शंभर मीटरवरूनही चमकतो. काही रुपयांची पट्टी एक जीव वाचवते, ती अशी.

वाहन दिसावे म्हणून

१. ट्रॉलीच्या मागे लाल, दोन्ही बाजूंना पिवळी आणि पुढे पांढरी चमकणारी पट्टी लावा. जोड-ट्रॉली असेल तर दोन्हींना लावा.

२. ऊस भरून झाल्यावर मागे जाऊन बघा. पट्टी किंवा दिवा झाकला असेल तर बाहेर आलेला ऊस छाटा. शिवाय लाल रिफ्लेक्टरची एक फळी मोळ्यांच्या बाहेरून दोरीनं बांधा. ट्रॉली रिकामी झाली की ती काढून ठेवायची.

३. रोज संध्याकाळी ओल्या फडक्यानं पट्टी पुसा. धूळ आणि चिखल बसलेली पट्टी असून नसल्यासारखी.

४. रिफ्लेक्टर स्वतः उजेड देत नाही, दुसऱ्याचा उजेड परतवतो. म्हणून मागचा लाल दिवा चालू हवाच. बैलगाडीला मागे कंदील किंवा बॅटरी टांगा आणि बैलांच्या शिंगांना रेडियमची पट्टी गुंडाळा.

भरताना आणि चालवताना

ऊस ट्रॉलीच्या बाजूंबाहेर येऊ देऊ नका. मोळ्या आडव्या-उभ्या बसवून दोर आवळा. वाटेत पडलेली एक मोळीसुद्धा सायकलवाल्याला पाडायला पुरेशी आहे. जोडाची पिन, तिची खीळ आणि जादा साखळी प्रत्येक खेपेला हातानं तपासा.

ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकाचे ब्रेक वेगळे असतात, ते शेतात वळण्यासाठी. रस्त्यावर दोन्ही पेडल खटक्यानं जोडलेच पाहिजेत. नाही तर एकच चाक अडतं, ट्रॅक्टर फिरतो आणि मागचं ओझं त्याला ढकलत नेतं. पुष्कळ ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो, सारा भार ट्रॅक्टरवरच येतो. म्हणून उतारावर डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करू नका. ज्या गिअरमध्ये चढ चढता, त्याच गिअरमध्ये उतरा. चढाला पुढची चाकं हलकी झाली तर समजा, ओझं जास्त झालं आहे.

टेपचा आवाज मागच्याचा हॉर्न ऐकू येईल एवढाच ठेवा. मडगार्डवर किंवा भरल्या उसावर कोणाला बसवू नका. तोडणी टोळीतल्या बायका-पोरांची जाण्या-येण्याची वेगळी सोय करा. सलग दोन रात्री जागलेल्या ड्रायव्हरला तिसरी खेप देऊ नका.

वाटेत बंद पडली तर

ट्रॉली शक्य तितकी रस्त्याच्या कडेला घ्या. मागे किमान ६० पावलांवर लाल त्रिकोण ठेवा आणि एक माणूस बॅटरी घेऊन उभा करा. चाकांना लावलेले दगड निघताना आठवणीनं उचला. मागे राहिलेला दगड हा नवा अपघातच.

बांधावरचं लाकूड वाहतानाही हेच नियम. फक्त ओंडका गोल असतो, ब्रेक लागला की पुढं घसरतो, वळणावर गडगडतो. त्याला बाजूचे मजबूत खुंट आणि दोन ठिकाणी आवळलेली साखळी हवी, नुसता दोर पुरत नाही.

कायदा काय सांगतो

१९८८ च्या मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली. जादा ओझ्याला २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार रुपये दंड त्यात आहे. तीन टन जास्त भरले तर २६ हजार, शिवाय माल उतरवण्याचा खर्च वेगळा. ओझं बाजूला, मागे किंवा उंचीला मर्यादेबाहेर गेलं तरी २० हजार. काट्याची पावती आणि आर. सी. बुकातलं वजन एकदा ताडून बघा. १८ वर्षांखालच्या पोराच्या हाती ट्रॅक्टर दिला आणि गुन्हा घडला, तर पालक किंवा मालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड होऊ शकतो.

अपघात दिसला तर घाबरून पुढं जाऊ नका. १०८ वर रुग्णवाहिका आणि ११२ वर पोलीस बोलवा. सद्भावनेनं जखमीला मदत करणाऱ्यावर कारवाई होत नाही, तसं संरक्षण कायद्यानं दिलं आहे.

बंधूंनो, मागून येणारा परका नसतो. डेअरीला दूध घालून परतणारा शेजारी असतो, पाळी संपवून येणारा आपलाच मुलगा असतो. ट्रॉली फडातून निघताना एकदा तिच्या मागे वीस पावलं जा, बॅटरीचा झोत टाका आणि बघा, चमकतंय का. चमकलं तरच गाडी रस्त्यावर घाला.